सतरा रोलर कोस्टर आणि नारदाची गादी

नारदाच्या गादीवर उभं राहून खोटं बोलू नये. कुठल्या सरकारी पुस्तकात हा कायदा लिहिलेला नाही. पण कीर्तनकार ज्या चार हात जागेवर उभा राहतो ती जागा साक्षात नारदमुनींची, आणि तो तिथं उभा आहे तोवर वडीलधाऱ्यांनीसुद्धा त्याच्या पाया पडायचं, असं ज्याला मनापासून वाटतं त्याला एवढं तरी कळतंच. ओकव्हिलच्या दीनानाथ आगाशांना ते चड्डीत होते तेव्हापासून कळत होतं. तरीही दोन हजार दहाच्या रामनवमीला ते त्या गादीवरून खोटं बोलले. आणि एक नव्हे, एका दमात दोन.

त्यांच्या बाजूनंही थोडं सांगायला हवं. कीर्तन होतं शाळेच्या जिममध्ये. व्यायामाच्या निळ्या मॅटवर सतरंजी घालून गादी केलेली, डोक्यावर बास्केटबॉलची रिंग. विषय होता, अंतकाळी मुखात नाम यावं. पुढच्या रांगांतली सत्तरीची मंडळी या विषयात आपणहून रस घेत होती. अडचण मागच्या रांगेची होती. तिथं आठ मुलं बसली होती, त्यांची पुढारी म्हणजे बुवांची सख्खी नात ईरा, वय वर्षं अकरा. आठांच्या माना खाली, सोळा अंगठे कसल्याशा खेळावर. बुवांनी आवाज चढवला, उतरवला, झांज वाजवली. एक मान हलेना. मग त्यांच्या तोंडून सहज निघून गेलं, "अरे, रोलर कोस्टरमध्ये बसता ना तुम्ही?"

आठ माना वर आल्या.

चाळीस मिनिटं भिंतीशी बोलणाऱ्या माणसाकडे आठ मुलं एकदम डोळे मोठे करून बघायला लागली की त्याचं काय होतं, ते ज्याचं त्यालाच ठाऊक. "मीपण बसलोय!" दीनानाथराव गरजले. "या ऑन्टारिओतला एक रोलर कोस्टर सोडलेला नाही मी! आणि ऐका, गाडी टोकावरून खाली सुटते ना, पोटात खड्डा पडतो ना, त्या क्षणी या तोंडातून दुसरं काही नाही, फक्त रामनाम आलं!"

तबल्यावर थाप पडली. टाळ्या झाल्या. मागच्या रांगेतून कुणीतरी शिट्टीसुद्धा वाजवली.

खरं सांगायचं तर दीनानाथराव मॉलमधल्या सरकत्या जिन्यावरसुद्धा दोन्ही बाजूंचे कठडे धरून उभे राहत.

गोष्ट इथं मिटली असती, पण मंडळाच्या चिटणीस सीमाताई फार तत्पर बाई. पुढच्याच वार्तापत्रात त्यांनी चौकट छापली: 'आपले बुवा: ऑन्टारिओतील सर्व रोलर कोस्टर सर!' खाली पगडी घातलेला फोटो. ते वार्तापत्र घेऊन ईरा आजोबांच्या खोलीत आली.

"आजोबा, व्हेन डिड यू गो?"

"म्हणजे... अगं... तुझ्या जन्माच्या आधी."

"पण लिस्टमधले पाच कोस्टर तर माझ्या जन्मानंतर बिल्ड केलेत." ईरानं इंटरनेटवरून यादीच काढून आणली होती. तीन पार्कं मिळून सतरा.

दीनानाथरावांनी मदतीसाठी दारात उभ्या असलेल्या बायकोकडे पाहिलं. जयंतीबाई कपड्यांच्या घड्या घालत होत्या. "माझ्याकडे बघू नका," त्या म्हणाल्या. "गादीवर तुम्ही होतात."

त्या रात्री देवाला दिवा लावून दीनानाथरावांनी भिंतीवरचं कॅलेंडर उलटलं. सीमाताईंनी गणेशोत्सवाचं कीर्तनही त्यांच्याच नावावर टाकलं होतं. अकरा सप्टेंबर, शनिवार, सायंकाळी पाच. आता त्या गादीवर पाऊल कुठल्या तोंडानं ठेवायचं? सीमाताईंना फोन करून 'जमणार नाही' म्हणावं, तर ते आणखी एक खोटं. मग एकच वाट उरली. जे बोललो ते खरं करून दाखवायचं. सतराच्या सतरा पाळण्यांत बसायचं, तोंडानं राम म्हणायचं, आणि मग शुद्ध होऊन उभं राहायचं.

"आय विल कम विथ यू," ईरा म्हणाली. "बट डोळे मिटले तर तो काउंट नाही होणार."

ओकव्हिलच्या मराठी मंडळींत गोष्ट गुप्त ठेवायची म्हणजे ती एकेकाला वेगळं बोलावून सांगायची. आठवड्याभरात सगळ्यांना कळलं की बुवा रोलर कोस्टरचा सराव 'पुन्हा' करताहेत, आणि सल्ल्यांना सुरुवात झाली. शेजारचा संजय, नागपूरचा, सॉफ्टवेअरमधला, ड्राइव्हवे ओलांडून आला. "काका, रिकाम्या पोटी बसा बरं का. मी एकदा भरल्या पोटी बसलो होतो, पुढच्या माणसाची पत्नी अजून माझ्याशी बोलत नाही." तासाभरानं त्याची सासू दहीभाताचा डबा घेऊन आली, कारण रिकाम्या पोटी पित्त चढतं. कुणी म्हणालं मधल्या डब्यात बसा, कुणी म्हणालं आलं चघळा. जुने मित्र डॉक्टर हेमचंद्र यांनी रक्तदाब घेतला, बराच वेळ आकडा बघत राहिले आणि म्हणाले, "दीनू, तू स्ट्रक्चरल इंजिनीअर ना? आयुष्यभर पूल बांधलेस. मग त्या सांगाड्याला काय घाबरतोस?"

"म्हणूनच घाबरतो," दीनानाथराव म्हणाले. "बोल्ट कसे बसवतात ते मी बघितलंय."

"मी तर म्हणेन फॅमिली डॉक्टरची चिठ्ठी घे. मी रिटायर्ड, माझ्या सहीला आता फक्त बँक विचारते."

फॅमिली डॉक्टरांची वेळ तीन आठवड्यांनी मिळाली. खिडकीतल्या मुलीनं संगणकावर भेटीचं कारण विचारलं. दीनानाथरावांनी प्रामाणिकपणे सांगितलं. त्या संगणकात पडणं, जळणं, चावणं अशा सगळ्या खणांची सोय होती. रोलर कोस्टरची नव्हती. शेवटी तिनं 'प्रवास' या खणात खूण केली, आणि डॉक्टरांनी आत शिरताच विचारलं, "सो, गोइंग टू इंडिया?" मलेरियाच्या गोळ्यांची चिठ्ठी लिहून झाल्यावर मग मूळ विषय निघाला. डॉक्टर मोकळेपणानं हसले, छातीला नळी लावली आणि म्हणाले की हृदय ठणठणीत आहे, बाकी तुमची मर्जी. हृदयात थोडी खोट निघाली असती तर बरं झालं असतं, असं दीनानाथरावांना क्षणभर वाटून गेलं. निदान 'वैद्यकीय कारणास्तव' म्हणून सुटता आलं असतं.

सुरुवात सोप्यापासून करावी म्हणून जूनमधल्या एका शनिवारी ते, ईरा आणि जयंतीबाई होडीतून बेटावरच्या लहान मुलांच्या पार्कात गेले. यादीतला पहिला पाळणा म्हणजे हिरव्या ड्रॅगनची आगगाडी. उंची विचाराल तर घरातल्या शिडीएवढी. दीनानाथराव हसत हसत रांगेत उभे राहिले. फाटकावरच्या मुलानं हात आडवा केला. मोठ्या माणसाला एकट्याला प्रवेश नाही. बरोबर लहान मूल हवं.

"ही आहे ना!" त्यांनी ईराला पुढे केलं.

मुलानं ईराला मोजपट्टीशी उभं केलं. ती रेघेच्या चार बोटं वर गेली. नियमानं तीसुद्धा मोठं माणूसच होती. आता तिलाही एक लहान मूल हवं होतं.

चाळीस वर्षं कॅनडात राहून दीनानाथरावांनी शेजाऱ्याकडून शिडी, फावडं, गाडी ढकलायला माणसं, सगळं मागून आणलं होतं; मूल कधी मागितलं नव्हतं. अनोळखी मुलाकडे बघून हसणारा म्हातारा लोकांना कसा दिसतो, हे त्यांना पहिल्या दोन बाकांवरच कळलं. एका आईनं तर पोराला उचलून बाक बदललं. शेवटी आइस्क्रीमच्या गाडीपाशी एक सरदारीणबाई नातवाला घेऊन बसल्या होत्या, तिथं जयंतीबाईच पुढे झाल्या आणि हिंदीतून सगळी हकिगत सांगितली. गादी, नारद, रामनाम, सगळं. सरदारीणबाईंनी शांतपणे ऐकून घेतलं. वाहेगुरूच्या दारात दिलेला शब्द म्हणजे काय, हे त्यांना समजावून सांगायची गरज नव्हती. "ले जाओ भाईसाहब," त्या म्हणाल्या, "बस, बच्चे को रुलाना मत."

ड्रॅगनच्या डब्यात दीनानाथरावांचे गुडघे कानांना लागले. गाडी निघाली, आणि शेजारी बसलेल्या त्या चार वर्षांच्या नातवानं, करमनं, त्यांचा हात घट्ट धरून सांगितलं, "इट्स ओके, अंकल. इट्स स्मॉल." दीनानाथरावांनी व्यवस्थित तीनदा राम म्हटलं, चौथ्यांदा म्हणायच्या आत गाडी थांबली. ईरानं यादीवर फुली मारली. सोळा राहिले.

दुसरं पार्क हॅमिल्टनच्या पलीकडे शेतांच्या मधोमध होतं. तिथल्या चारांपैकी तीन निभावले, चौथा होता एक जुना लाकडी पाळणा. लाकूड हलावं अशीच त्याची रचना असते, हलणं हीच त्याची ताकद, हे दीनानाथरावांना पुरतं माहीत होतं. गाडी साखळीवरून वर चढताना त्यांनी ते स्वतःलाच दोनदा सांगितलं. अर्ध्या चढावर गाडी थांबली. ढग आले होते. वीज चमकली तर गाडी आहे तिथं थांबवायची असा नियम. वीस मिनिटं चोवीस माणसं आभाळाकडे तोंड करून, पाठीवर टेकून बसून राहिली. मागच्या डब्यातली एक मुलगी हुंदके द्यायला लागली, आणि दीनानाथरावांमधला कीर्तनकार जागा झाला. त्यांनी मोठ्या आवाजात, इंग्रजीतून, सगळ्यांना धीर द्यायला घेतलं. खांबांवर किती भार येतो, वारा कुठल्या अंगानं लागतो, खिळे सैल होऊनसुद्धा सांगाडा का कोसळत नाही. 'खिळे सैल' इथपर्यंत मुलगी एकटी रडत होती. नंतर सगळा डबा रडायला लागला. खाली उतरल्यावर पार्कच्या माणसानं त्यांना हात जोडून विनंती केली की सर, पुढच्या वेळी कृपा करून गप्प बसा. ज्या माणसाला ऐकायला मिसिसागाहून लोक येतात, त्याला हे!

"राम म्हणालात का?" जयंतीबाईंनी विचारलं.

"म्हणालो."

"मग झालं तर."

उरलेले बारा टोरांटोच्या उत्तरेच्या मोठ्या पार्कात होते. जुलै-ऑगस्टचे सगळे शनिवार त्यात गेले. दर शनिवारी फाटकावर जयंतीबाईंच्या पिशवीतला थालीपिठाचा डबा पकडला जायचा, कारण बाहेरचं खाणं आत नेता येत नाही. दर शनिवारी त्या दारातच उभ्या राहून थालीपीठ तपासणाऱ्या मुलाला एक तुकडा द्यायच्या. चौथ्या शनिवारी तो स्वतःहून विचारायला लागला, "नो पिकल टुडे?" आत गेल्यावर प्रत्येक पाळण्यापाशी सुट्या वस्तू काढून ठेवायच्या. चष्मा, कानातलं यंत्र, तुळशीची माळ, पाकीट, खडीसाखरेची पुडी, एकामागून एक जयंतीबाईंच्या ओंजळीत यायचं. मग आजोबा-नात वर जायचे आणि जयंतीबाई खाली बाकावर बसून राहायच्या.

आणि नवल म्हणजे दीनानाथरावांना मजा यायला लागली. उलटं टांगणारा, पाय लोंबकळत ठेवणारा, उभं करून फिरवणारा. राम म्हणत त्यांनी अकरा पार केले. चालही बदलली. सरकत्या जिन्यावर एका हातानं उभे राहायला लागले. गणपतीला आठवडा उरला आणि यादीत एकच नाव उरलं. पार्कातला सगळ्यांत उंच. त्याच्यावर चढलेली गाडी खालून मुंग्यांच्या रांगेसारखी दिसायची आणि किंचाळ्या दोन सेकंद उशिरा कानावर यायच्या.

चढ संपेचना. कानात यंत्र नाही, डोळ्यांवर चष्मा नाही, नुसतं निळं आभाळ आणि दातांना जाणवणारी साखळीची खडखड. दीनानाथरावांनी रामाचं नाव ओठांवर आणून तयार ठेवलं. गाडी टोकावर आली. क्षणभर थांबल्यासारखी झाली. मग पृथ्वी नावाची जी गोष्ट होती ती सरळ समोर उभी राहिली आणि अंगावर धावून आली.

खाली उतरल्यावर त्यांच्या चेहऱ्यावर तेज होतं. "झालं!" ते म्हणाले. "ईरा, सतरावा! आणि काय नाम निघालं तोंडातून! आतड्यापासून!"

ईरानं त्यांच्याकडे बघितलं. "आजोबा, तुम्ही राम नाही म्हणालात."

"म्हणालो की."

"यू सेड जयंती. लाइक, अ लॉट."

दीनानाथरावांना वाटलं, कानात यंत्र नाही म्हणून आपण चुकीचं ऐकतोय. तेवढ्यात मागच्या डब्यातला एक उंच मुलगा त्यांच्या खांद्यावर हात ठेवून फार काळजीनं म्हणाला, "सर, हू इज जयंती? इज शी ओके?"

आता हेही सांगायला हवं. बेचाळीस वर्षांच्या संसारात दीनानाथरावांनी बायकोला नावानं हाक मारलेली नव्हती. लग्नात घास भरवताना उखाण्यात एकदा नाव घेतलं, तेही चार जणांनी डिवचल्यावर. त्यानंतर 'अगं', 'ऐकलंस का', आणि फारच निकड असली तर नुसतं खाकरणं. कॅनडात आल्यावर इमिग्रेशनच्या साहेबानं पत्नीचं नाव विचारलं, तेव्हाही त्यांनी पासपोर्टच पुढे केला होता.

"पुन्हा बसू," ते म्हणाले.

ते पुन्हा बसले. मग पुन्हा. चौथ्या खेपेला त्यांनी युक्ती केली: गाडी चढाला लागल्यापासून अखंड राम राम चालू ठेवायचं, म्हणजे वेगाच्या जोरावर तेच पुढे चालू राहील. टोकापर्यंत चालू राहिलंही. टोकावर 'रा' झालं आणि पुढचं सगळं जयंती. पाचव्यांदा उतरल्यावर ते रेलिंगला धरून उभे राहिले.

"आय वोंट टेल आजी," ईरा म्हणाली, आणि त्या बदल्यात तिनं बटाट्याच्या कापांची मोठी पुडी घेतली. खाली जयंतीबाईंनी चष्मा, यंत्र, माळ हातात दिलं. "झालं का मनासारखं?" त्यांनी विचारलं. दीनानाथरावांनी माळ गळ्यात घालायच्या निमित्तानं मान खाली घातली.

पुढचा आठवडा घरात कुणाला समजेना की सतरा पाळणे पार करून आलेला माणूस असा पडेल चेहऱ्यानं का वावरतोय. खरं काय ते त्यांनी एकट्या हेमचंद्रांना फोनवर सांगितलं, तेव्हा ते म्हणाले, "दीनू, सहाव्यांदा बस. सवय झाली की भीती जाईल, मग आरामात राम म्हण."

"भीती गेल्यावर म्हटलेला राम कशाला मोजायचा?" दीनानाथराव म्हणाले. "तो तर मी ड्रॅगनमध्येही म्हटला."

शनिवारी जिम भरलं होतं. वार्तापत्राचा महिमा, हॅमिल्टन, मिसिसागाहून माणसं आली होती, आणि मागची रांग आठांची वीस झाली होती. दीनानाथराव धोतर, अंगरखा, पगडी अशा थाटात आले, पण निळ्या मॅटच्या कडेलाच थांबले. सतरंजीवर पाय ठेवला नाही. सीमाताईंनी गळ्यापाशी माइकची चिमटी लावली आणि खुणेनं 'व्हा पुढे' म्हटलं.

"मी इथूनच बोलतो," दीनानाथराव म्हणाले. "रामनवमीला मी या गादीवरून खोटं बोललो."

पेटीवाल्यानं सूर धरला होता तो सोडला.

त्यांनी सगळं सांगितलं. मॉलच्या जिन्यापासून. ड्रॅगन, मागून आणलेलं मूल, रडलेला डबा. लोक सुरुवातीला अवघडले, मग एकेक हसायला लागले, मग मागच्या वीस मुलांना हसू आवरेना. संजय तर खुर्चीवरून घसरायच्या बेताला आला. "सतरा पाळणे आज खरे आहेत," दीनानाथराव म्हणाले. "पण दुसरी गोष्ट खरी होत नाही. अंतकाळी नाम येतं म्हणून मी तुम्हाला सांगितलं. मी वर पाच वेळा जाऊन आलो. पाचही वेळा माझ्या तोंडून रामाचं नाव नाही आलं." त्यांनी घसा खाकरला, पण या वेळी खाकरण्यानं भागणार नव्हतं. "जयंतीचं आलं."

हसू एकदम थांबलं. पहिल्या रांगेत जयंतीबाईंच्या मांडीवरची टाळाची जोडी आपोआप किणकिणली.

"तेव्हा या जागेवर माझा हक्क नाही. आज मला हार घालू नका, पाया पडू नका. मंडळानं दुसरे बुवा बघावेत."

सीमाताई मोगऱ्याचा हार घेऊन तिथंच उभ्या होत्या. "पण बुवा," त्या गोंधळून म्हणाल्या, "हार कार्यक्रमपत्रिकेत छापलाय. चार वाजून पंचावन्न मिनिटांनी."

कुणी हसावं की नाही या विचारात असतानाच जयंतीबाई उठल्या. गुडघ्यावर हात टेकून, सावकाश. त्यांनी सीमाताईंच्या हातातला हार घेतला, नवऱ्याच्या दंडाला धरून त्याला मॅटवरून सतरंजीच्या मधोमध आणून उभं केलं, आणि टाचा उंचावून हार गळ्यात घातला. मागून कुणीतरी लग्नात अक्षता पडल्यावर वाजवतात तशी टाळी वाजवली. दीनानाथरावांची पगडी तिरकी झाली होती. ती सरळ करताना जयंतीबाई अगदी त्यांच्या कानाशी लागून बोलल्या, पण बुवांच्या गळ्यापाशी लावलेली माइकची चिमटी त्यांच्या तोंडाजवळच होती, त्यामुळे त्यांची कुजबुज चारशे माणसांच्या जिममध्ये घुमली.

"गेला सबंध उन्हाळा मी खाली बसले होते. खाली काही ऐकू येत नाही." त्यांनी पदर सावरला. "उद्या रविवार आहे. उद्या तुमच्या शेजारी मी बसणार. आता सुरू करा, लोक ताटकळलेत."

आणि मग वडीलधाऱ्या माणसांनीही गादीवरच्या बुवांच्या पाया जसं पडायचं असतं, तशाच त्या वाकून त्यांच्या पाया पडल्या. दीनानाथरावांनी डोळे पुसले, झांज उचलली आणि तबलजीकडे मान वळवली. मागच्या रांगेत वीस माना वर होत्या.